मेरेआनाचं केळवण

कॅरी, ६ जुलै २०२५

ती. दादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. गुडघा नवा आहे, त्यामुळे खरोखरच वाकून.

फोनवर मी बोलते आणि तू ऐकतोस, पत्रात निदान तुला पाळी मिळते, असं तू म्हणतोस, म्हणून ही मोठी बातमी पत्रातूनच. आमच्याकडे पाहुणी आली आहे. या महिन्याच्या शेवटी इथे रॉलीला छोट्या बेटराष्ट्रांच्या क्रीडास्पर्धा आहेत. खेळाडूंना घरी ठेवून घ्यायला कुटुंबं हवी होती, आणि आपल्या इथल्या मराठी मंडळाने यादीत पहिलं नाव माझं घातलं. मला विचारलं नाही ते बरंच केलं. विचारलं असतं तर तुझ्या मेहुण्याने, म्हणजे गिरीशने, नाही म्हटलं असतं.

देशाचं नाव लुआतेवा. लोकसंख्या आठ हजार. खेळाडू नऊ. आमच्या वाट्याला आलेली मेरेआना बावीस वर्षांची, तिथल्या प्राथमिक शाळेत शिकवते आणि वेटलिफ्टिंग करते. लुआतेवाला आजवर कुठल्याही खेळात, कुठलंही पदक मिळालेलं नाही. हिच्या गटात हिचा क्रमांक सध्या तिसरा. म्हणजे सगळ्या बेटाची आशा माझ्या गेस्टरूममध्ये झोपली आहे. तिचा कोच तेविता हा तिथला पोस्टमास्तरही आहे, त्यामुळे बदली माणूस मिळाल्याशिवाय त्याला निघता येत नाही. तो पंधरा दिवसांनी येईल.

पोरगी गोड आहे, पण दादा, किती वाळलेली! काल रात्री दोन फुलके आणि चमचाभर वरण खाल्लं आणि ताटावर हात धरला. गिरीश म्हणाला, तिला आग्रह करू नकोस. मी त्याला म्हटलं, अडतीस वर्षं मुलांची डॉक्टर होते, उपाशी मूल मला दारातून ओळखू येतं.

प्रतिमावहिनींना नमस्कार. लोभ आहेच, तो आता बेटापर्यंत पसरला आहे.

तुझी,
देवयानी


नोव्हाय, ११ जुलै

चि. देवयानीस,

थोरल्या भावाचे आशीर्वाद, आणि तुझ्या पाहुणीला सहानुभूती.

ॲटलास काढून लुआतेवा शोधलं. अर्धा तास भिंग घेऊन बसलो. शेवटी जो ठिपका सापडला तो प्रतिमाने पुसला, कारण तो लोणच्याचा होता. खरा ठिपका त्याच्या शेजारी निघाला.

आठ हजार माणसं म्हणजे आपल्या मराठी मंडळांच्या अधिवेशनाला येतात त्याच्यापेक्षा थोडी जास्त. फरक एवढाच की त्यांच्यात एक पोस्टमास्तर सगळं सांभाळतो आणि आपल्याकडे सतरा कमिट्या लागतात.

तुझं पत्र प्रतिमाला मोठ्याने वाचून दाखवलं. वाळलेली हा शब्द ऐकल्याबरोबर ती उठून स्वयंपाकघरात गेली. लोखंड उचलणाऱ्या मुलीला फुलके देते म्हणजे माझ्या नणंदेला काय म्हणावं, असं मला विचारलं. नणंद तिची, बहीण माझी, त्यामुळे मी गप्प बसलो. डिंकाचे लाडू करायचं ठरलं आहे.

मी जन्मभर गाड्यांचे ब्रेक बनवले. तुला मात्र कुणी लावू शकलं नाही. ती मुलगी तरी लावू शकते का ते बघ.

आठवण ठेव, आम्ही ठेवतोच.

तुझा,
जगन्नाथदादा


कॅरी, १५ जुलै

ती. दादास,

घाईघाईत नमस्कार. साडेसहाला मंडळातल्या यामिनीकडे पोचायचं आहे.

काय झालं ते ऐक. यामिनी म्हणाली, ही मुलगी एवढ्या मोठ्या कार्याला निघाली आहे, इथे तिचं माहेरचं कुणी नाही, मग आपण तिचं केळवण नको का करायला? लग्नाआधी करतो तसंच, आळीपाळीने एकेका घरी. एका तासात मंडळाच्या ग्रुपवर आठ घरांनी तारखा घेतल्या. दोन बायकांचं गुरुवारवरून जरा वाजलंसुद्धा. आतापर्यंत तीन केळवणं झाली. पुरणपोळी, बासुंदी आणि साजूक तुपाचा शिरा. प्रत्येक घरी पाट, रांगोळी आणि भेट म्हणून साडी. तिच्याकडे आता माझ्यापेक्षा जास्त पैठण्या आहेत.

आणि पोरगी खाते रे! सुरुवातीला ताटावर हात धरते, पण आपल्याकडे तसा कोण धरत नाही? एकदा वाढलं की शेवटच्या शितापर्यंत संपवते. ताट रिकामं दिसलं की यजमानीण पुन्हा वाढते. ती पुन्हा संपवते. परवा बासुंदीच्या चार वाट्या झाल्या. इतकी वर्षं आम्ही एकमेकींना आग्रह करतो, पण असा मान कुणी ठेवला नव्हता.

काल तिने गराजमधला मोठा फ्रीझर एकटीने उचलून दुसऱ्या भिंतीला लावला. तो हलवायला दोन माणसं बोलवू, असं गिरीश दोन वर्षं म्हणतो आहे. तेव्हापासून तो तिच्याशी फार अदबीने बोलतो.

एक-दोन गोष्टी मात्र समजत नाहीत. या उन्हाळ्यात ती पहाटे जाड स्वेटर घालून पळायला जाते. एसी बाधत असणार. मी तो बंद केला आणि झोपताना हळदीचं दूध सुरू केलं, वर साय घालून. शिवाय बाथरूममधला वजनकाटा तिने खोलीत नेऊन ठेवलाय. एवढ्या साड्या मिळाल्यावर बॅगेच्या वजनाची काळजी वाटणारच, त्यामुळे मी विचारलं नाही.

गाल कसे भरलेत म्हणून सांगू. अजून पाच घरं बाकी आहेत.

माया वाढती ठेव.

तुझी,
देवयानी


नोव्हाय, १८ जुलै

चि. देवयानीस,

आशीर्वाद, आणि एक शंका.

लाडू काल पाठवले. चाळीस आहेत. ते पार्सल परत बोलावता येतं का, याची आज चौकशी करून आलो. येत नाही.

झालं असं. तुझं पत्र आज जेवताना वाचत होतो. नील बसला होता. तो शाळेच्या कुस्तीच्या टीममध्ये आहे. बासुंदीच्या चौथ्या वाटीला त्याने चमचा खाली ठेवला आणि आजोबा, ती कुठल्या वेट क्लासमध्ये आहे, असं इंग्रजीत विचारलं. मी म्हटलं, म्हणजे काय? तेव्हा त्याने सांगितलं की अशा खेळांत वजनाप्रमाणे गट असतात. खेळाडूचं वजन स्पर्धेच्या दिवशी करतात. शंभर ग्रॅम जरी जास्त भरलं तरी त्या गटातून बाहेर. मग त्याने स्वेटरचंही सांगितलं. स्वेटर थंडीसाठी नव्हता गं. ती घाम काढत होती.

तुला तीनदा फोन केला, गिरीशला दोनदा. तुम्ही सहाव्या केळवणाला असणार. उद्या पुन्हा करीन, पण तुझा फोन पर्सच्या तळाशी असतो हे मला माहीत आहे, म्हणून हेही टाकतो.

माझी शंका खोटी ठरो. तोवर तिला काकडी दे.

तुझा,
जगन्नाथदादा


कॅरी, २२ जुलै

ती. दादास,

नमस्कार करायलाही तोंड नाही.

तुझे फोन मी काल संध्याकाळी पाहिले, गिरीशचा फोन तर गाडीतच पडून होता. तुझी शंका काल दुपारी तीनला पोचली, तेविता सकाळी दहालाच पोचला होता. धिप्पाड, शांत माणूस. विमानतळावरून थेट आला. मी दारात ओवाळायला उभी, तर त्याने एकदा तिच्या गालांकडे पाहिलं आणि बॅगेतून स्वतःचा काटा काढला.

तिचा गट अठ्ठावन्न किलोचा. काल भरली एकसष्ट किलो दोनशे. तेविता जिन्याच्या पायरीवर बसला आणि बराच वेळ उठलाच नाही. स्पर्धा शनिवारी आहे.

मग मेरेआना रडत रडत बोलली. त्यांच्या बेटावर वडीलधाऱ्या बाईने वाढलेलं टाकणं म्हणजे तिचा अपमान. नको म्हणायचं ते एकदाच. ते ती रोज म्हणत होती, आणि आम्ही तिला लाजाळू समजत होतो. तिला वाटायचं, हे ताट रिकामं केलं की सुटका. आम्हाला वाटायचं, ताट रिकामं झालं म्हणजे अजून हवं. दादा, अशाने चक्र थांबणार तरी कसं? आणि मी कोण, तर डॉक्टर! पण माझ्या दवाखान्यात मुलाचं वजन वाढलं की मी पेढे मागायची. वजन वाढणं ही वाईट बातमी असू शकते, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

तेविताचं म्हणणं, पाणी बंद, जेवण बंद आणि दिवसातून तीनदा सॉनात बसवायचं. पाच दिवसांत सव्वातीन किलो. मी सांगितलं, माझ्या घरात हे होणार नाही. तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. दुसरा मार्ग म्हणजे वरच्या, त्रेसष्टच्या गटात नाव बदलून घेणं. त्याला शुक्रवारी संध्याकाळच्या मीटिंगपर्यंत मुदत आहे. पण तिथल्या मुली दहा-दहा किलो जास्त उचलतात. तिथे पदक विसरा, असं तो गिरीशला म्हणाला. मला ऐकू जाईल असं.

बेटाचं पहिलं पदक मी बासुंदीत बुडवलं रे. मंडळात सुतक आहे. उरलेली दोन केळवणं रद्द झाली आणि यामिनी प्रायश्चित्त म्हणून चार डझन काकड्या ठेवून गेली. लाडूही आले. फार सुंदर झालेत. गिरीशने ते कपाटात घालून कुलूप लावलंय.

असलीच तर लाज राखायला दोन ओळी लिही.

तुझी,
देवयानी


नोव्हाय, २४ जुलै, एक्सप्रेसने

चि. देवयानीस,

आशीर्वाद. डोकं वर कर.

निघून यावंसं वाटतंय, पण उद्या प्रतिमाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे. ती म्हणते, पाप अर्धं माझंही, चाळीस लाडवांइतकं. मी म्हटलं, ते पोटात गेले नाहीत, धरायचे नाहीत.

तुझं पत्र आल्यावर नीलशी बोललो. मागच्या मोसमात त्यानेही असंच पाणी बंद करून वजन उतरवलं होतं, आम्हाला कुणाला न सांगता. वजन बरोबर भरलं, पण कुस्ती कशी झाली ते त्याला आजही आठवत नाही. हे त्याने मला मराठीतून सांगितलं, म्हणजे बघ.

मला वेटलिफ्टिंगमधलं काही कळत नाही. पण तुझ्या पत्रात तेविता काय म्हणाला ते आहे, तू काय म्हणालीस ते आहे. ती मुलगी काय म्हणते? तुम्ही आठ घरच्या बायकांनी तिला विचारलं नाही, आता तुम्ही दोघंही विचारत नाही आहात. शुक्रवारच्या आत विचार. आग्रह न करता विचार, जमलं तर.

तुझ्यावरची माया काट्यावर ठेवून पाहू नकोस, काटा मोडेल.

तुझा,
जगन्नाथदादा


कॅरी, २७ जुलै

ती. दादास,

साष्टांग नमस्कार! आवाज पार बसला आहे, त्यामुळे फोन केलास तरी उपयोग नाही. सगळं लिहूनच.

तुझं पत्र शुक्रवारी दुपारी आलं. मी तशीच स्वयंपाकघरात गेले. तेविता आणि मेरेआना टेबलापाशी बसले होते. मी तिला विचारलं, तुला काय करायचं आहे? ती आधी त्याच्याकडे बघायला लागली. मग माझ्याकडे. मग म्हणाली, चार वर्षं मी प्रत्येक स्पर्धेच्या आधी महिनाभर अर्धपोटी राहते आणि दर वेळी तिसऱ्या प्रयत्नाला पाय थरथरतात. एकदाच पोटभर जेवून उचलून बघायचं आहे. पदक नाही मिळालं तर बेटावर मी सांगेन, दोष माझा.

तेविता उठला. मला वाटलं, चिडला. तो मीटिंगला जाऊन तिचा गट बदलून आला.

शनिवारी हॉलमध्ये लुआतेवाचे आठ खेळाडू आणि आपलं मंडळ मिळून सत्तर माणसं. यामिनीने ढोल-ताशा आणला होता, तो दारात ठेवून घेतला. मग बायकांनी टाळ्यांवर भागवलं. दुसऱ्या देशांचे लोक आपसात विचारत होते की लुआतेवाच्या बायका नऊवारी कधीपासून नेसतात.

त्रेसष्टच्या गटात सहा जणी. पहिल्या प्रकारात मेरेआनाने अठ्ठ्याहत्तर किलो उचलले. आजवरच्या तिच्या सगळ्यात चांगल्या आकड्यापेक्षा तीन जास्त, पण क्रमांक पाचवा. दुसऱ्या प्रकारात तिने पंच्याण्णव उचलले, मग अठ्ठ्याण्णव. एवढ्यात तिच्या पुढच्या दोघींपैकी एकीचे तिन्ही प्रयत्न फुकट गेले. दुसरी दोन्ही प्रकारांच्या बेरजेत अजून पुढे होती, आणि तिला मागे टाकायला हिला एकशे दोन हवे होते. आयुष्यात ती पंच्याण्णवच्या वर कधी गेली नव्हती, म्हणजे त्या दिवसाआधी. तेविताने तिच्याकडे बघितलं, तिने मान हलवली, त्याने एकशे दोन लिहून दिले.

दादा, मी चार हजार तरी बाळं हातात घेतली असतील, पण असा श्वास कधी रोखला नव्हता. वजन खांद्यावर आलं. ती थांबली. गिरीश माझा नवा गुडघा धरून बसला होता, त्याचा स्वतःचा समजून. मग तिने ते डोक्यावर नेलं. मी तिच्या पायांकडे पाहत होते. ते हलले नाहीत. तिन्ही पंचांचे पांढरे दिवे लागले, म्हणजे उचललेलं मान्य, आणि त्यापुढचं मला नीट सांगता येणार नाही, कारण यामिनी माझ्या अंगावर पडली होती.

तिसरी आली! लुआतेवाचं पहिलं पदक. बेटावर दोन दिवस सुट्टी जाहीर झाली. पोस्टही बंद, तसं करण्याची परवानगी पोस्टमास्तरने इथूनच दिली.

सगळे फोटो काढत होते तेव्हा तेविता माझ्यापाशी येऊन उभा राहिला. पाच दिवसांत पहिल्यांदा बोलला. म्हणाला, डॉक्टर, चूक आपण दोघांनीही केली. तुमची पंधरा दिवसांची, माझी चार वर्षांची. मग डोळे पुसले आणि पोरीच्या गळ्यातलं पदक सरळ करायला गेला.

वहिनींच्या डोळ्याला आता नीट दिसत असेल तर हे पत्र त्यांना स्वतः वाचू दे. नीलला माझ्याकडून पाठीवर एक जोराची थाप, आणि त्याला विचार, तो काय खातो. नुसतं विचार.

आहे तेवढा लोभ पुरतो, पण वाढलास तर नाही म्हणणार नाही.

तुझी,
देवयानी