जानकीच्या झोळीची स्प्रिंग

कुंभकोणम, मंगळवार, मार्गशीर्ष, १९५४

आज स्प्रिंगांचं दुकान बंद ठेवून तिरुविडैमरुदूरला गेलो. जानकीचं, माझ्या धाकट्या बहिणीचं, बाळ तापानं गेलं त्याला महिना झाला. पण त्याच्या झोळीला झोके देणारी, मीच बनवलेली स्प्रिंग अजून तुळईलाच लटकत होती. मेहुणे म्हणाले, "अण्णा, आमच्यानं निघतच नाही. तुम्हीच काढा."

निघेल कशी? बाकी गिऱ्हाइकांना टोकाला उघडा आकडा वळून देतो, अडकवायला-काढायला सोपा. भाच्यासाठी मात्र पूर्ण वेढा केला, तुळईच्या कडीत ओवला आणि त्याचं तोंड पकडीनं घट्ट मिटवलं. त्यानं कितीही लाथा मारल्या तरी सुटू नये. सुटू नये, एवढंच तेव्हा डोक्यात होतं.

आज तोच वेढा उघडताना पक्कड सटकली आणि कडीवर खणकन आपटली.

"हळू, अण्णा! उठेल ना तो," खालून जानकी म्हणाली.

मेहुणे दाराकडे वळले. वेढा उघडला, स्प्रिंग हातात आली. पण स्टुलावरून उतरून तिच्याकडे बघायचं धाडस मला कितीतरी वेळ झालं नाही.