बाबांना सांगू नका

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप तुमच्या छातीवरून उचलला आणि बेंबीच्या बाजूला ठेवला. बराच वेळ ऐकत राहिले. बाबा, तुम्ही शुद्धीत नव्हता. आदल्या दिवशी मेंदूत रक्तस्राव झाला होता. सोनोग्राफीनंतर त्यांनी मला बाहेर बोलावलं. डाव्या मूत्रपिंडाची धमनी अरुंद झालेली. तिथं रक्त कमी पोचतं, मूत्रपिंडाला वाटतं साऱ्या शरीरातच दाब कमी आहे, आणि ते दाब वाढवायला लावतं. म्हणून गोळ्या बदलूनही बीपी उतरत नव्हतं. मी म्हणालो, "वो गुस्सा बहुत करते थे." ते म्हणाले, "गुस्सा तो सब करते हैं, भैया. ये नस की बीमारी है. बरसों पुरानी."

रांझीच्या क्वार्टरमधली ती वर्षं. तुम्ही फॅक्टरीतून येता, सायकल भिंतीला लावता, आणि स्वयंपाकघरातलं बोलणं थांबतं. आई डोळ्यांनीच खुणावते. ताई सासर सोडून नागपूरहून आली तेव्हाही तुम्हाला सांगितलं, सुट्टीवर आली आहे. सुट्टी संपेना. जेवताना तुम्ही विचारलंत, "जावई कधी येऊन राहिले?"

"येतील ना. तुम्ही जेवा," आई म्हणाली.

"या घरात मला कोनी काही सांगत नाही काहून? मी काय पाहुणा आहो?"

तुमचा आवाज चढला. आईनं ताईला आत पाठवलं आणि माझ्याकडे पाहिलं : बघ, बीपी चढलं. त्यानंतर तुम्ही विचारणं सोडलंत. बाजारातून येताना ताईसाठी पेरू आणायचात, तिच्या हातात द्यायचात आणि बाहेर जाऊन बसायचात.

डॉक्टरांचं बोलणं मी ताईला सांगितलं. ती तुमच्या पलंगाशी बसली आणि कानाशी वाकून सगळं सांगू लागली. नवऱ्यानं काय केलं, ती कशी निघाली, गाडीत कोण भेटलं. नर्स म्हणाली, "दीदी, इतनी बात मत कीजिए, बीपी बढ़ेगा." ताई थांबली नाही. तुम्ही गेलात तेव्हा तिचं सांगून संपलं नव्हतं.

धमनीचं आईला आम्ही कधीच सांगितलं नाही. ती अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणते, "आम्ही त्यांले एक शब्द लागू दिला नाही, म्हणून इतके वर्षं काढले त्यांनी." मी मान डोलावतो.

सकाळी चहा देताना आईनं विचारलं, "काल इतकं काय लिहून राहिला होता?"

ऑफिसचं काम, मी म्हणालो.