नलूच्या कुर्त्याचा चोरखिसा

मुलुंड, बुधवार

प्रिय नलू,

फोन न करता पत्र लिहून त्याचा फोटो पाठवतोय, कारण माझा फोन आला की तू स्पीकर लावतेस आणि तुझी शाळेतल्या वर्गमित्रांची सगळी टोळी आपलं बोलणं ऐकते. त्यात तो मुकुल मागून ‘बोला दत्ताभाऊ!’ म्हणून ओरडतो. मला त्याचा भाऊ व्हायचं नाही. हे खोलीत एकटी असताना वाच.

इकडे सगळं ठीक. कढीपत्त्याला न चुकता पाणी घालतो. शेजारच्या सगुणावहिनींनी काल तळलेले बांगडे आणून दिले आणि तुझे सिंगापूरचे फोटोही दाखवले, म्हणजे ते माझ्याआधी त्यांना पोचले होते. प्रत्येक फोटोत मुकुल तुझ्या शेजारी. एवढ्या मोठ्या ग्रुपमध्ये त्याला उभं राहायला दुसरी जागा मिळत नाही? जळतोय म्हणशील. जळतोच आहे.

आणि त्याला पुढे कोणी केलं, तर मीच. आम्ही गावी निघालो की आई बाबांच्या बंडीला आतून चोरखिसा शिवायची. गिरणीचा बोनस त्यातून सुखरूप मालवणला पोचायचा. तेच डोक्यात ठेवून मी तुझ्या कुर्त्याला खिसा शिवला, सगळे डॉलर आत घातले आणि कोणाचा हात जाऊ नये म्हणून तोंडावर दुहेरी टीप मारली. उसवायला कात्री लागेल आणि ती विमानात जवळ ठेवू देत नाहीत, हे डोक्यातच आलं नाही. तू तिथे उतरल्यावर कॉफीच्या दुकानात पोट चाचपत उभी, आणि पैसे दिले मुकुलने. हे तू हसत हसत सांगितलंस. मला काही हसू आलं नाही.

तरी सुरुवातीचे दिवस बरे गेले. आपल्या खात्याला नंबर माझा, त्यामुळे तू कार्डावर तिकीट काढलंस की ओटीपी माझ्या फोनवर. कधी बागेचं तिकीट, कधी बोटीचं. ‘अहो, लवकर पाठवा, मागे रांग लागलीय,’ असा तुझा मेसेज यायचा. आंघोळीला जातानाही मी फोन बादलीशेजारी ठेवायचो. वाटायचं, त्या रांगेत मीही तुझ्याबरोबर आहे. मग मुकुलने तुझ्या पेन्शनच्या खात्याला परदेशात चालणारं ते काय ते चालू करून दिलं. आता तू तिथल्या दुकानांतही आपल्या भाजीवाल्याकडे करतेस तसं स्कॅन करतेस. तिकिटं तोच काढतो, तू तुझा वाटा लगेच त्याला पाठवतेस. माझा फोन गप्प. काल वाजला म्हणून गॅसवरचं दूध टाकून धावलो, तर कर्ज हवंय का विचारणारी बाई. दूध उतू गेलं ते वेगळंच.

निघण्याआधी तू मलाही चला म्हणाली होतीस. मी गुडघ्याचं कारण सांगितलं. गुडघ्याला काहीही झालेलं नाही. परक्या दुकानात नोटा उलटसुलट करत उभा राहिलो तर तुझ्या मैत्रिणींसमोर हसं होईल, याची मला धास्ती होती. काल तू विचारलंस की डिसेंबरात सगळे व्हिएतनामला चाललेत, नाव देऊ का? मी ‘बघ तुझं तू’ म्हणून फोन ठेवला. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही. त्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायला हे लिहितोय. नाव दे, पण दोघांचं दे. खिसा अजून उसवला नसशील तर तसाच घेऊन ये, तो मी उसवीन. स्कॅन करायला मला तू शिकव, मुकुलकडून शिकणार नाही. आणि व्हिएतनामला उतरल्यावर पहिल्या कॉफीचे पैसे मी देणार. त्याच्या कॉफीचेसुद्धा.

वाट पाहणारा, तुझाच
दत्ताराम