ताटलीतल्या ज्वारीच्या दाण्यांबाबत

प्रति,
मा. विशेष तपासणी अधिकारी (गौण खनिज),
फिरते पथक, जिल्हा बुलढाणा

अर्जदार : सुचिता शमुवेल वानखडे, वय ४१, रा. ढगारखेड मिशन, डोणगाव मार्गे

विषय : रविवार दि. १४ डिसेंबर रोजीच्या तपासणीसाठी चर्चमध्ये लहान मुले बसवण्यास नकार असल्याबाबत, व नाताळापूर्वी खदानीतील सुरुंग बंद करण्याबाबत.

संदर्भ : आपले दि. ३ डिसेंबर २०२५ चे पत्र.

महोदय,

अर्जदार ही ढगारखेड येथील टेकडीवरच्या लहान चर्चमध्ये रविवारी सकाळी दहा ते अकरा तीन ते सात वर्षांच्या मुलांचा संगीतवर्ग घेते. पटावर सतरा मुले आहेत. एवढ्या लहान लेकरांना नुसते "गा" म्हटले की ती खिडकीबाहेर बघतात, म्हणून अर्जदार दर शनिवारी बसून वहीत आखणी करते : आधी टाळ्या, मग चमचे, मग चिंचोके भरलेल्या डब्या, शेवटी ढोलकी थांबली की जागच्या जागी पुतळा. हे सांगण्याचे कारण एवढेच, की पुढे जे घडले ते या आखणीतूनच उघडकीस आले.

१. मूळ चूक अर्जदाराची आहे व हे ती लपवत नाही. तिच्या वडिलांनी बत्तीस वर्षे कोतवाली केली. चार माणसांना ऐकू जाईल असे काहीही करायचे तर आधी सरकारला लिहून कळवावे, ही त्यांची शिकवण. कोणी मागितले नसताना अर्जदाराने १ ऑगस्ट रोजी वर्गाची वेळ, वाद्यांची यादी व मुलांची संख्या लिहून आपल्याच कार्यालयात परवानगीचा अर्ज दिला. परवानगी आली. सोबत शेरा आला, की या तासात टेकडीवर आवाज होतच असल्याने शेजारच्या खदानीचा रविवारचा सुरुंगही याच तासात उडवावा, म्हणजे ग्रामस्थांना आवाजाचा त्रास एकदाच होईल. आपले लिपिक वामनराव यांनी हा शेरा अर्जदाराला हसतमुखाने वाचून दाखवला, आणि ती आभार मानून घरी आली. त्या आभारांची तिला आजही लाज वाटते.

२. तेव्हापासून दर रविवारी साडेदहाला खदानीचा इशाऱ्याचा भोंगा तीनदा वाजतो आणि मग जमीन हादरते. पहिल्या दोन रविवारी मुले रडली. तिसऱ्या रविवारी त्यांनी भोंग्यावर ताल धरला. लेकरे कशालाही सरावतात, आणि अर्जदाराला तीच गोष्ट सर्वांत भयंकर वाटली.

३. दसऱ्याच्या सुमारास अर्जदाराने हळू आणि जोरात यातला फरक शिकवण्यासाठी एक खेळ आखला. स्टीलची ताटली फरशीवर पालथी ठेवायची, तिच्यावर ज्वारीचे दाणे टाकायचे आणि शेजारी ढोलकी वाजवायची. हळू वाजवली की दाणे थरथरतात, जोरात वाजवली की उड्या मारतात. मुलांना दुसरे काही नकोसे झाले. पुढच्या काही रविवारी मात्र दाणे जागच्या जागी उडेनात, ते पश्चिमेकडे सरकू लागले. ताटली फिरवली, बदलली, दुसऱ्या कोपऱ्यात नेली, तरी दाणे पश्चिमेकडेच जात. खदान पश्चिमेला आहे.

दि. २३ नोव्हेंबर रोजी सर्व मुले हात मांडीवर ठेवून गप्प बसली होती. ढोलकी वाजत नव्हती, भोंगाही झालेला नव्हता. तेव्हा पाच वर्षांची रुपाली म्हणाली, "बाई, कोनीच नाही वाजवून राह्यलं, तरी दाने चालून राह्यले." अर्जदाराने वाकून पाहिले. दाणे एकामागोमाग ताटलीच्या कडेवरून खाली पडत होते आणि मुले टाळ्या वाजवत होती.

४. अर्जदाराने मुलांना खेळाचे निमित्त करून रांगेने बाहेर काढले व त्या दिवसापासून वर्ग लिंबाखाली भरवला. दुसऱ्या दिवशी डोणगावहून शाकिर मिस्त्री यांना बोलावले. त्यांनी लोखंडी सळईने फरशी इंच इंच ठोकून पाहिली, आणि निम्म्याच्या पुढे गेल्यावर थांबले. अर्जदाराचा हात धरून तिला दारापर्यंत आणले व म्हणाले, "बाई, वर फरशी हाये, खाली हवा. खदान आतून आली. आता इथं लेकरू काय, मांजरही बसवू नका." मजुरी न घेता ते निघून गेले.

५. खदानीचे मुकादम गोकुळ यांना अर्जदार भेटली. खोदकाम हद्दीतच आहे, असे त्यांनी सांगितले. वर लेकरे नाचतात म्हणून जमीन हलत असेल, असेही सुचवले. चर्चची देखभाल पाहणाऱ्या मनकर्णाबाईंनी, सरकारी कागद असल्याशिवाय देवाच्या घराला कुलूप लावता येणार नाही, असे कळवले. दि. २५ डिसेंबर रोजी नाताळासाठी सगळा गाव तिथे प्रार्थनेला येणार आहे. म्हणून अर्जदाराने आपल्याकडे तक्रार केली.

६. आपले पत्र मिळाले. इमारत नेहमीच्या वापरात असतानाच हादरे मोजणे नियमास धरून असल्याने दि. १४ रोजी वर्ग चर्चमध्येच भरवावा, पटावरील सर्व मुले आपापल्या जागी हजर ठेवावीत, वाद्ये वाजवावीत, सुरुंग नेहमीच्या वेळी उडवला जाईल, आणि मुले हजर नसल्यास तक्रार निकाली काढण्यात येईल, असे आपण कळवले आहे. अर्जदाराने हे पत्र तीनदा वाचले. सर्व पालकांनाही वाचून दाखवले.

७. अर्जदार मुले आणणार नाही. मात्र तक्रार निकाली निघू नये म्हणून तिने प्रत्येक मुलाचे वजन करून तितक्याच वजनाची वाळू पोत्यात भरली आहे, पोत्यावर मुलाचे नाव लिहिले आहे, आणि ज्याची जी जागा तिथे ते पोते ठेवले आहे. ठेवताना ती अनवाणी, भिंतीच्या कडेकडेने चालली. वाद्ये वाजलीच पाहिजेत, म्हणून साडेदहा वाजता ढोलकी घेऊन ती स्वतः आत बसेल. आपण दारातून मोजमाप घ्यावे. आत येऊ नये, ही विनंती.

तरी मोजमाप झाल्यावर, जे काही उरेल ते पाहून, दि. २५ पूर्वी सुरुंग बंद करण्याचा व चर्चला कुलूप लावण्याचा लेखी आदेश द्यावा. अर्जदार घेण्यास हजर नसल्यास आदेश मनकर्णाबाईंकडे द्यावा.

आपली नम्र,
(सही) सुचिता शमुवेल वानखडे
ढगारखेड मिशन, दि. १० डिसेंबर २०२५

सोबत :
(१) शाकिर मिस्त्री यांचा सहीचा जबाब.
(२) पटावरील सतरा मुलांची नावे व वजने.
(३) पोत्यांची यादी, एकूण सोळा. रुपालीच्या नावाचे पोते तिच्या आईने पाहिले, ते उराशी धरून ती घरी घेऊन गेली आणि परत देत नाही. ही कमतरता तपासणीत धरू नये.