उन्हात हलणारी पिवळी पट्टी

मी, शालिग्राम कडूबा खर्चे, वय वर्षे ५१ पूर्ण, धंदा कापड रंगवणे व रंगाच्या पुड्या विकणे, राहणार मोताळा, तालुका मलकापूर, जिल्हा बुलढाणा, आज तारीख ६ एप्रिल १९६७ रोजी माझ्या दुकानात बसून हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणी धाक घातलेला नाही, की गोड बोलून लिहून घेतलेले नाही. येत्या पंधरवड्यात अकोल्यास माझे पोटाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, भिण्याचे कारण नाही. पण म्हणताना त्यांनी माझ्याकडे न पाहता कागदाकडे पाहिले. अशा बारीक गोष्टी टिपण्यातच माझे आयुष्य गेले आहे, म्हणून ही व्यवस्था.

कलम १. मोताळा येथील माझे राहते घर, दोन खोल्या, ओसरी, मागची रंगाची भट्टी आणि वरचे मातीचे सपाट छत म्हणजे धाबे, तसेच पोस्टातील बचत, हे सर्व माझ्यामागे माझी पत्नी सत्यभामाबाई हिचे पूर्ण मालकीचे. आम्हांस मूलबाळ नाही. पुढे कलम ६ मध्ये एक प्रयोग सांगितला आहे. त्याचा निकाल काहीही लागो, घर तिचेच. हे वाक्य मुद्दाम घातले आहे. कोणी खोडू नये.

कलम २. माझा थोरला भाऊ इंद्रभान याच्याशी शेताच्या धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीवरून चालू असलेला वाद मी सोडत आहे. बाभूळ त्याची. कारणही लिहितो. उजेडाने हलणारी पट्टी करण्याचा मला नाद आहे. सुरुवातीच्या पट्ट्या मी त्याच बाभळीच्या डिंकात रंग कालवून करत असे. पट्टी धाब्यावरच्या खाटेवर उन्हात ठेवली की वळायची, सावलीत आणली की सरळ व्हायची. मला वाटले, झाले काम! दोन वर्षे वह्या भरल्या. एके दिवशी सत्यभामाबाई त्याच खाटेवरचे पापड गोळा करताना म्हणाली, "तुमची पट्टी वळली, तसा माहा पापडही वळला. मंग पापडालेही यंत्र म्हनता काय?"

मी आठ दिवस तिच्याशी बोललो नाही. नवव्या दिवशी डिंक फेकला. ती ओल सुकण्याची करामत होती, उजेडाची नव्हे. सबब ज्या झाडाने मला दोन वर्षे फसवले, ते इंद्रभानला सुखाने लाभो. भर बाजारात तो मला, "काय बे शाल्या, तुही पट्टी मोट ओढून राह्यली काय?" असे विचारत असे, तेही मी माफ केले आहे. विसरलो मात्र नाही.

(इथे उठून धाब्यावर जाऊन आलो. ऊन स्वच्छ आहे. कलम ६ मधली काचेची नळी जागेवर आहे. परत बसलो.)

कलम ३. वडनेर भोलजीच्या झुंबरबाई वराडे यांना माझ्या दुकानातून एक चांगले नऊवारी लुगडे द्यावे, रंग त्या म्हणतील तो. हे दान नव्हे, माझ्याकडून झालेल्या अपराधाची भरपाई आहे. १९५६ सालच्या दिवाळीच्या बाजारात, म्हणजे आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला त्याच आठवड्यात, त्या माझ्या दुकानाच्या कापडी पालाशी येऊन म्हणाल्या, "शालिग्रामभाऊ, तुमी रंगवलेलं हे लुगडं उन्हात फिकं पडते अन् सावलीत आलं का परत पिवळं होते." लुगडे नकली रेशमाचे होते. पालाच्या सावलीत ते हळदीसारखे पिवळे दिसत होते. मी चार गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "बाई, लुगडं बरं आहे. डोळे तपासा." लोक हसले. त्या लुगडे घडी करून गेल्या आणि पुन्हा कधी माझ्या पालावर आल्या नाहीत.

आठवड्याभराने त्याच कापडाची उरलेली चिंधी मी सहज उन्हात धरली. ती फिकी पडली. सावलीत नेली, पिवळी झाली. त्या दिवशी मी जेवलो नाही. पण वडनेरला जाऊन तसे सांगितलेही नाही. अकरा वर्षांत मला एस.टी. मिळाली नाही, असे कोणी म्हणणार नाही.

कलम ४. माझ्या सतरा वह्या, दोन भिंगे, रसायनाची चार पुस्तके व इंग्रजी शब्दकोश हे सर्व गावच्या शाळेच्या कपाटात ठेवावे. मी मराठी सातवी पास आहे. इंग्रजी शब्दकोशातून शिकलो, रसायन चुका करून शिकलो. माझे म्हणणे थोडक्यात असे: या पिवळ्या रंगाच्या प्रत्येक कणात मधोमध एक सांधा आहे. उजेड पडला की कण त्या सांध्यात मुडपतो, उजेड काढला की उलगडतो. म्हणूनच रंग उडतो आणि परत येतो. आणि असे कोट्यवधी कण एका पट्टीत एका दिशेने मुडपले, तर पट्टी ओढली गेलीच पाहिजे. कोळसा नाही, वाफ नाही, बैल नाही. उजेडावर चालणारे यंत्र, आणि त्याचा एकेक भाग डोळ्याला न दिसण्याइतका लहान. आज ते केसाच्या निम्म्या जाडीइतके हलते. उद्याचे कोणी सांगावे?

वही क्रमांक १ च्या पहिल्या पानावर "प्रथम पाहणार" म्हणून माझे नाव आहे. ते कोणत्याही कारणाने बदलू नये.

कलम ५. एका मोठ्या गावच्या कॉलेजातील एक प्राध्यापक, नाव लिहीत नाही, त्यांना माझ्याकडून काहीही नाही. मी पट्टी दाखवण्यास गेलो असता त्यांनी ती पेटत्या बल्बाजवळ धरली, ती वळली, आणि ते हसत म्हणाले, "अहो, ही उष्णता आहे. तुम्ही दुकान सांभाळा." त्यांचे हसणे वाईट होते. शंका वाईट नव्हती. म्हणून कलम ६ चा निकाल त्यांना एका कार्डावर कळवावा, माझ्या विरुद्ध गेला तरी.

कलम ६. आता मुख्य गोष्ट. धाब्यावरील लाकडी पेटीत काचेची नळी आहे, दोन्ही तोंडे वितळवून बंद केलेली, म्हणजे ओल आत जाणार नाही. आत नकली रेशीम अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून, त्यात तोच पिवळा रंग घालून केलेली पट्टी टांगली आहे. तिच्या टोकाला काचेचा बारीक काटा आणि मागे रेघा ओढलेली पट्टिका आहे. पेटीच्या खिडकीसमोर तुरटीच्या पाण्याची चपटी बाटली आहे. ती उन्हातली उष्णता अडवते, उजेड सोडते. पापडाचाही बंदोबस्त झाला, प्राध्यापकांचाही. खिडकीचे झाकण काढून शंभर आकडे मोजावेत आणि भिंगातून काटा पाहावा. मला तो हललेला दिसतो. परंतु माझा उजवा डोळा आरशातले ऊन पाहून अधू झाला आहे, आणि डावा डोळा माझाच आहे. मृत्युपत्रात ज्याला लाभ तो साक्षीदार चालत नाही. या पट्टीच्या बाबतीत लाभ माझा आहे. सबब माझा डोळा साक्षीला चालत नाही.

म्हणून माझ्या मृत्यूनंतर हा प्रयोग सत्यभामाबाईने करावा. तिला घर आधीच मिळाले आहे, कोणाला खूष करण्याची गरज नाही. न हलल्यास शेवटच्या वहीत "हलली नाही" असे लिहून घ्यावे.

सही: शालिग्राम कडूबा खर्चे
साक्षीदार: १) उत्तमराव तायडे, हेडमास्तर २) शंकरराव नारखेडे, पोस्टमास्तर
मुक्काम मोताळा, ६ एप्रिल १९६७

पुरवणी, तारीख ९ एप्रिल १९६७

वरील मृत्युपत्र मी काल सत्यभामाबाईस वाचून दाखवले. ती डाळ निवडत ऐकत होती. कलम ६ संपल्यावर सूप खाली ठेवून म्हणाली, "हे सारं तुमी गेल्यावर काऊन?"

मी म्हणालो, "मृत्युपत्राची रीत तशी आहे."

"मेल्या मानसाले काय कळते, हलली का नाही? ऊन तं आत्ताच पडून राह्यलं."

खरे उत्तर इथे देतो: मी भीत होतो. नाही हलली, तर अकोल्याच्या टेबलावर अकरा वर्षे वाया घालवलेला माणूस म्हणून झोपावे लागले असते.

तिने पुढे असेही म्हटले की, "माहा एकटीचा शब्द तुमी धरान काय? म्हनसान, बायकोनं मन राखलं." हे बरोबर होते. जिला पट्टी न हलण्यात आनंद वाटेल, अशी साक्षीदार हवी. अशी एकच व्यक्ती मला माहीत होती, आणि ती याच आठवड्यात मोताळ्यात लेकीकडे आली होती. हेडमास्तर उत्तमराव जाऊन झुंबरबाईंना घेऊन आले.

मी त्यांना कलम ३ वाचून दाखवले. उभ्यानेच ऐकले त्यांनी.

"अकरा वर्सं लागले हे लिहाले?" त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

मग मी त्यांना काम सांगितले आणि अडचणही सांगितली, की लुगडे घेणारास साक्षीला उभे राहता येत नाही.

"मंग लुगडं खोडा," त्या म्हणाल्या. "मले साक्षच देऊ द्या."

दुपारी बारा वाजून दहा मिनिटांनी प्रयोग झाला. मला धाब्यावर जाण्यास मनाई होती. दोघींनी वेगवेगळे पाहून काटा कोणत्या रेघेवर ते उत्तमरावांच्या कानात सांगायचे ठरले होते. मी खाली जिन्याशी बसून शंभर आकडे मोजले, मध्येच चुकलो, पुन्हा मोजले. आधी सत्यभामाबाई उतरली. तिने उत्तमरावांच्या कानात काही सांगितले आणि माझ्याकडे न पाहता आत गेली. तिने माझ्याकडे का पाहिले नाही, यावर मी जिन्याच्या खालच्या सहा पायऱ्या वर-खाली केल्या. मग झुंबरबाई गेल्या. त्यांना फार वेळ लागला. वरून झाकण काढल्याचा आवाज आला. मग लावल्याचा. मग पुन्हा काढल्याचा. त्या पुन्हा पुन्हा पाहत होत्या.

उतरल्या तेव्हा कपाळावर घाम होता. उत्तमरावांच्या कानात त्यांनी फक्त रेघ सांगितली. मोठ्याने माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "हलली. झाकण लावलं का परत येते." आणि उंबऱ्यात चपला घालताना म्हणाल्या, "अन् तवा लुगड्याचा रंगही उडत होता."

उत्तमरावांनी सांगितले, दोघींनी काटा एकाच रेघेवर सांगितला.

सबब खालीलप्रमाणे बदल:

कलम ३ झुंबरबाईंच्या इच्छेवरून रद्द. त्याऐवजी लिहितो की, दिवाळीच्या त्या बाजारात त्या खरे बोलत होत्या आणि मी खोटा होतो.

कलम ५ मधील कार्ड आजच टाकले आहे.

कलम ६ रद्द. काम झाले.

कलम ४ मध्ये, वही क्रमांक १ च्या पहिल्या पानावरील नाव बदलू नये असे मी लिहिले होते. ते मी स्वतः आज बदलले आहे. तिथे आता असे आहे: "प्रथम पाहणार: झुंबरबाई वराडे, वडनेर भोलजी." खाली लहान अक्षरात: "नंतर पाहणार: शालिग्राम खर्चे."

सही: शालिग्राम कडूबा खर्चे
साक्षीदार: १) उत्तमराव तायडे, हेडमास्तर २) झुंबरबाई वराडे, डाव्या हाताचा अंगठा
मुक्काम मोताळा, जिल्हा बुलढाणा, ९ एप्रिल १९६७, दुपारी दोन. ऊन अजून आहे.