चंदन काय प्यायलं

६ ऑक्टोबर, सोमवार

चंदनाची पानं पिवळी! शेंड्यापासून. काल पाणी घातलं, आज पुन्हा घातलं. माती ओली आणि झाड तहानलेलं — हे काय आता?

बाबांची मूठभर रक्षा त्याच्या मुळाशी आहे. बाकीची श्रीरंगपट्टणला कावेरीत सोडली, एवढी मी हट्टाने ठेवून घेतली आणि वर हे रोप लावलं. सहा वर्षं झाली. म्हैसुरात माझ्या माहेरचं म्हणून एवढंच.

८ ऑक्टोबर

खालचीही गळायला लागली. मधू म्हणतो, ऊन लागलं असेल. ऑक्टोबरचं ऊन! नवरा आहे म्हणून ऐकून घेतलं.

माझ्या डोक्यात वेगळंच आहे. भिंतीपलीकडचे वेंकोजीराव! गणपतीच्या आधी त्यांचा करंज तोडावा लागला, तो आमच्यामुळे. फांद्या आमच्या गच्चीवर, पन्हळी पानांनी तुंबायच्या. मधूने पालिकेत अर्ज केला. झाड पडलं तेव्हा म्हातारा कट्ट्यावर बसून म्हणाला होता, "होंगे झाड काय करत होतं तुम्हाला, बाई? सुम्ने, गपचूप उभं होतं की." डोळे पुसले आणि आत गेले. तेव्हापासून बोलणं बंद.

राग धरलाय त्यांनी. काहीतरी ओतलंय माझ्या झाडाला.

९ ऑक्टोबर

भांडले. भर रस्त्यात! दूधवाला, समोरच्या काकू, सगळे बघत होते. "माझ्या बाबांच्या झाडाला काय घातलंत?" — मी किंचाळतच होते.

"देवराणे, मी नाही. देवाची शपथ, बाई." एवढंच. मग माझ्या मागे उभ्या असलेल्या मधूकडे बघत राहिले. मधूने मला हाताला धरून घरात आणलं.

१० ऑक्टोबर

पोलिसांत जाते म्हटलं. मधू म्हणाला, "जाऊ दे ना कांचन. झाडच आहे." झाडच! जेवले नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

प्रार्थना आली — योगवर्गातली मैत्रीण, कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. आल्या आल्या खुरपं मागितलं आणि उकरायला बसली. चंदनाच्या मुळांना बारीक गाठी होत्या, आणि त्या गाठी दुसऱ्याच एका जाड मुळाला चिकटलेल्या. ते मूळ भिंतीखालून येत होतं. करंजाचं!

म्हणाली, चंदन एकट्याच्या मुळांवर नीट जगत नाही. शेजारच्या झाडाच्या मुळाला तोंड लावतं आणि पाणी, क्षार तिथून ओढून घेतं. म्हणजे सहा वर्षं बाबांचं झाड वेंकोजीरावांच्या घरचं पीत होतं. आणि मी त्यांना रस्त्यात — शी! माझी मलाच लाज वाटली.

"मग करंज तोडला म्हणून हे वाळलं?"

"नुसता तोडला असता तर बुंध्याला कोंब फुटले असते, मुळं जगली असती. हे मूळ बघ, आतून काळं पडलंय. झाड मारायचं औषध ओतलंय कुणीतरी बुंध्यात, तेच इथवर आलंय. झाडाला पंप नसतो गं. पानांतून पाणी उडून जातं आणि त्या ओढीने खालचं वर चढतं. नळ्यांत जे असेल ते सगळं चढतं, चाखून थोडंच बघतंय!"

वाचेल का, विचारलं. तिने मातीचे हात झटकले, नाही म्हणून मान हलवली.

पण वेंकोजीराव स्वतःच्याच करंजाला औषध का घालतील? त्याच्यासाठी तर रडले होते. मधूला हाक मारली, ये, बघ म्हटलं. तो गाडी पुसत होता. आला नाही.

१३ ऑक्टोबर

माफी मागायला गेले. वेंकोजीरावांनी खुर्ची पुढे केली. बुंध्यात कुणी ओतलं, ठाऊक आहे का, विचारलं.

"बेडा बाई, विचारू नका."

मी उठले नाही.

"तुमचे यजमान. भिंतीवरून वाकून ओतत होते, पाहिलं मी. परत फुटू नये म्हणून असेल. तुमचंबी त्यात जाईल हे त्यांना काय गोत्तु?"

"मग त्या दिवशी रस्त्यात का नाही बोललात?"

"झाडं गेली ती गेली. घर तरी राहू दे म्हटलं."

परत आले. मधूने विचारलं, "चहा ठेवू?"

मी वही उचलली आणि चंदनापाशी येऊन बसले.