श्वसनाच्या डबीतला बँड

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, वाकायला डॉक्टरांनी अजून परवानगी दिलेली नाही). तुझे गुडघे काय म्हणतात? भाऊजींचा खोकला गेला असावा आणि भाऊजी खुशाल असावेत.

तुझं काळजीचं पत्र पोचलं. माझी तब्येत छान आहे आणि त्याचं श्रेय औषधांइतकंच आमच्या सार्वजनिक वाचनालयाच्या एका चुकीला आहे. सविस्तर सांगतो, चष्मा लाव.

हृदयाने दगा देता देता सोडलं, हे तुला ठाऊकच आहे. पण हॉस्पिटलातून घरी आलो तो माणूस म्हणून नव्हे, काचेचं भांडं म्हणून. सून दारं अशी लोटायची की जणू तीच चोर. मुलगा (जो फोनवर बोलला की शेजाऱ्यांना निरोप कळतो) माझ्याशी मात्र कुजबुजायचा. आणि तुझी भावजय मला डुलकी लागली की नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे का ते बघायची. मी दचकून उठायचो, मला बघून ती दचकायची. घरात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती, पण पाडायची कोणाची छाती नव्हती.

अशात डॉक्टरांनी शांत श्वसनाचा सराव सांगितला. ही वाचनालयातून 'मंद श्वसन' असं लिहिलेली सीडीची डबी घेऊन आली. मी डोळे मिटून, हात मांडीवर ठेवून, भक्तिभावाने खुर्चीत बसलो. आणि ताई, त्या यंत्रातून जे काय सुटलं! आधी ढोल, मग पितळी कर्ण्यांचे जथेच्या जथे आणि त्यामागून पुरुषांची लांबलचक आरोळी. मला वाटलं, नवीन उपचार असेल. (डॉक्टर तरुण आहेत, ही मंडळी काहीही सांगतात.) मी इमानेइतबारे ढोलाबरोबर श्वास घ्यायला लागलो. ढोलाचा वेग वाढला तसा माझाही वाढला आणि डोळ्यांपुढे काजवे चमकले. तेव्हा तडजोड केली: श्वास आपल्या सोयीने, ढोलाबरोबर फक्त बोटं. हळूहळू बोटांमागून मनगटं गेली, मनगटांमागून खांदे. पुढच्या तपासणीला डॉक्टर खूश. म्हणाले, "श्वसन करताय ना? सोडू नका."

सीडी परत करायला आम्ही दोघं गेलो. ग्रंथपालबाईंनी डबी उघडली आणि त्यांचा चेहराच उतरला. आत होता कुठल्याशा दूरदेशीच्या कोळ्यांचा बँड, चुकून त्या डबीत गेलेला.

"अहो, हृदयाचे पेशंट ना तुम्ही? काही झालं असतं म्हणजे?" बाई रडकुंडीला आल्या.

"झालं ना," मी म्हटलं. "अजून आहे का असं काही?"

मग हिच्याकडे वळून म्हणालो, बघ, आपल्याला पत्ताच नाही! तर ही शांतपणे म्हणते, "मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. सीडीवर कर्ण्याचं चित्र आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"घरी आल्यापासून तुम्ही पहिल्यांदाच मान डोलावलीत. कशाला बोलू?"

ताई, संसारात हिच्यापुढे मी हरल्याचे प्रसंग पुष्कळ आहेत, पण डोळे पुसत हरण्याचा हा पहिलाच.

तेव्हापासून ग्रंथपालबाई आमच्यासाठी काहीबाही बाजूला काढून ठेवतात. कधी मेंढपाळांच्या बासऱ्या, कधी एकाच तारेच्या वाद्यावर गाणारी म्हातारी. भाषा कळत नाही. (एक सीडी तर भांडी घासल्यासारखी होती, पण हिला तीच आवडली.) जन्मभर आम्ही तीच ती ठरलेली गाणी ऐकत आलो, एवढं जग गातंय हे कोणी सांगितलंच नव्हतं. आता सून दारं आपटते, मुलगा ओरडतो, मी उलटून ओरडतो. घर पुन्हा घरासारखं झालं. त्या वाचनालयाचे उपकार कसे फेडू, कळत नाही.

तुझा,
धाकटा

ता.क. श्वसनाची खरी सीडीही सापडली. एक बाई म्हणते, श्वास घ्या. थोड्या वेळाने म्हणते, सोडा. एवढं मला येत होतं.

आणखी एक ता.क. माझ्या शुश्रूषेला येतेस म्हणून लिहिलंस. जरूर ये. कोळ्यांच्या बँडची दुसरी सीडी तुमच्या गावच्या वाचनालयात आहे, असं ग्रंथपालबाई म्हणतात. येताना तुझ्या नावावर काढून आण. सभासद नसलीस तर हो. कोणी नेली असेल तर परत येईपर्यंत तिथेच थांब. शुश्रूषेची काही घाई नाही.